जुनं दोन इंजिनांचं विमान तासावर द्यायचं, तर दर कसा ठरवायचा? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-बारामती भागात हे प्रश्न तीन प्रकारची माणसं विचारतात. ज्यांच्याकडे सेमिनोल, सेनेका, डचेस असलं जुनं ट्विन आहे किंवा घ्यायचं घाटतंय ते. फ्लाइंग स्कूल चालवणारे. आणि मल्टी-इंजिनच्या तासांचं बिल पाहून डोळे पांढरे झालेले पालक. खालचे रुपयांचे आकडे मांडणी कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या वहीतले आकडे घालून तेच गणित पुन्हा करा, उत्तर वेगळं येईल आणि यायलाच हवं.

दुसऱ्या शाळेचा दर बघून हजार-दोन हजार कमी लावले तर चालेल ना?

नाही. तिचं विमान वर्षाला किती तास उडतं, इंजिनांवर किती तास झालेत, कर्ज फिटलंय की नाही, यातलं तुम्हाला काही माहीत नसतं. तिचा दरही बहुधा आणखी कुणाचा तरी बघून ठरवलेला असतो. बाजारभाव बघावा, पण शेवटी. आपला खर्च काढून झाल्यावर. खर्च बाजारभावाच्या वर गेला, तर तेही एक उत्तरच आहे. ते दडपायला दर खाली ओढू नका.

विमान ४०-४५ वर्षांचं आहे, स्वस्तात मिळालं. मग दरही कमीच हवा की नको?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. डचेस १९७८ ते १९८२ एवढीच वर्षं बनलं. सेनेका १९७१ पासून आहे. सेमिनोल सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलं आणि मधले खंड सोडले तर आजही बनतंय. जुन्या आणि नव्या सेमिनोलच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पण इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला, पाठवलं की वर्कशॉप विमानाचं वय विचारत नाही. पेट्रोल तेवढंच जळतं. टायर, प्रॉपेलर, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) आजच्या भावानेच घ्यावे लागतात, वर जुन्या विमानाला दुरुस्त्या जास्त. वय झाल्यामुळे स्वस्त होतं ते फक्त भांडवल आणि थोडाफार विमा. बाकी बिल नव्या विमानाचंच, म्हणून जुन्या विमानाचा दर नव्याच्या निम्मा कधीच येत नाही.

बरं, मग गणित मांडायचं कसं?

दोन ढीग करा. विमान उडो न उडो, जे जातंच ते एका ढिगात: विमा, हँगर किंवा पार्किंग, दरवर्षीचं एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) आणि कॅमोचा (विमानाच्या देखभालीचं व्यवस्थापन बघणारी मान्यताप्राप्त संस्था) खर्च, तांत्रिक माणसांचे पगार, गुंतवलेल्या पैशाचं व्याज, नेव्हिगेशन डेटाबेस वगैरे. दुसऱ्या ढिगात चाक फिरलं की जातं ते: इंधन, ऑइल, ५० आणि १०० तासांच्या तपासण्या, इंजिन-प्रॉपेलरसाठी बाजूला काढायची रक्कम, अवचित दुरुस्त्या.

समजा, सेमिनोलसारखं एक विमान आहे. पहिला ढीग वर्षाला ३६ लाख. दुसऱ्यात दोन्ही इंजिनं मिळून तासाला ७५ लिटर एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), लिटरला २५० रुपये धरले तर १८,७५०. ऑइल ४००. शंभर तासांच्या तपासण्यांचे तासाला २,०००. इंजिनं ४,०००, प्रॉपेलर ६७० च्या आसपास, अवचित दुरुस्ती ३,०००. बेरीज साधारण २८,८००.

विमान वर्षाला २५० तास उडालं, तर पहिल्या ढिगाचा वाटा तासाला १४,४०० आणि एकूण खर्च ४३,२०० रुपये. ४०० तास उडालं, तर ३७,८००. आणि १०० तास? साडेअडुसष्ट हजार. विमान तेच आणि हँगरही तेच. इंजिन आणि प्रॉपेलरला तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असल्यामुळे कमी उडणाऱ्या विमानात दुसरा ढीगही फुगतो, १०० तासांच्या आकड्यात तेही धरलंय. त्यावर पुढे येतोच.

या खर्चात नफा नाही, इन्स्ट्रक्टरची फी नाही, जीएसटी नाही. मालक मला दर विचारतात, तेव्हा मी आधी वर्षाचे तास विचारतो. "तीनशे तरी होतील" असं उत्तर आलं, की गेल्या दोन वर्षांचं लॉगबुक मागवतो. त्यात बहुधा तीनशे नसतात. दर लॉगबुकातल्या तासांवर काढायचा.

इंजिनाची गंगाजळी म्हणजे नक्की काय, आणि ती एवढी महत्त्वाची का?

सेमिनोलच्या लायकमिंग ओ-३६० जातीच्या इंजिनाचा टीबीओ, म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला काळ, २००० तास किंवा १२ वर्षं आहे. जे आधी होईल ते. अमेरिकेत खासगी वापरात टीबीओ हा निर्मात्याचा सल्ला समजला जातो. तिथल्या मालकांचे व्हिडिओ बघून इथले लोक "अजून पाचशे तास सहज चालेल" म्हणतात. आपल्याकडे तुमच्या विमानाच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये जे लिहिलंय ते पाळावं लागतं. व्हिडिओतल्या काकांना डीजीसीएला (आपल्याकडचं नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) उत्तर द्यायचं नसतं.

एका इंजिनाचा ओव्हरहॉल, काढणं-बसवणं, जाण्यायेण्याचं भाडं आणि कस्टम धरून ४० लाख म्हणा. दोन इंजिनांचे ८० लाख, भागिले २०००, तासाला ४,०००. हे पैसे त्या तासाच्या भाड्यात तुमच्या हातात येतात, पण ते तुमचे नाहीत, इंजिनाचे आहेत. वेगळं खातं उघडा आणि दर महिन्याला उडालेल्या तासांप्रमाणे त्यात भरा. पगार थकले म्हणून या खात्याला हात लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची विमानं दोन-तीन वर्षांनी इंजिनाविना उभी असतात, नाकावर ताडपत्री.

आता वर्षांची मर्यादा. विमान वर्षाला १०० तासच उडालं, तर १२ वर्षांत १२०० तास होतात. ८० लाख भागिले १२००, म्हणजे तासाला ६,६६७. प्रॉपेलरचंही तेच. ओव्हरहॉलची मुदत बहुतेक मॉडेलांना सहा वर्षांच्या आसपास येते, मग विमान उडो वा न उडो. दोन प्रॉपेलरचे १० लाख सहाशे तासांत वसूल करायचे की पंधराशे, यात तासाला हजाराचा फरक पडतो.

घेतलं तेव्हाच इंजिनांवर १४०० तास झाले होते. मागच्या मालकाचा वाटा मी का भरायचा?

तो तुमच्याच माथी आहे. खरेदीच्या वेळी किंमत पाडून घेतली असेल, तर त्याने भरल्यासारखं झालं. नसेल पाडली, तर हिशेब असा: उरलेले ६०० तास गुणिले ४,०००, जमणार २४ लाख. लागणार ८० लाख. खड्डा ५६ लाखांचा. तो ६०० तासांवर टाकला, तर दर तासाला नऊ हजारांनी चढतो आणि गिऱ्हाईक पळतं. म्हणून हे ५६ लाख खरेदीच्या दिवशीच वेगळे काढायचे, विमानाच्या किमतीचा भाग समजून. सौदा करताना विक्रेता रंगकाम आणि नव्या जीपीएसचं कौतुक सांगत असतो. तुम्ही दोन्ही इंजिन लॉगबुकं मागा.

सेमिनोल की सेनेका? भाड्यासाठी कोणतं परवडतं?

इथे पुण्याची हवा हिशेबात घ्यावी लागते, आणि हा मुद्दा तक्त्यात कुणीच लिहीत नाही.

आपलं पठार समुद्रसपाटीपासून २००० फुटांच्या आसपास आहे. लोहगावची धावपट्टी १९४२ फुटांवर. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ ला गेला, की हवा पातळ होते आणि डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, ५००० फुटांच्या पुढे सरकते. सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग (जिच्या वर विमान नीट चढत नाही ती उंची) पूर्ण वजनावर सुमारे ३८०० फूट. म्हणजे त्या दुपारी, भरलेल्या सेमिनोलचं एक इंजिन बंद पडलं तर दुसरं त्याला चढवू शकणार नाही, फार तर खाली येण्याचा वेग कमी करेल. त्यामुळे शहाणी शाळा मार्च ते मे या काळात सेमिनोल सकाळी लवकर काढते, टाकी अर्धी ठेवते आणि साडेदहा-अकराला विमान आत घेते. मग दिवसाला विकायला तास उरतात तीन-चार.

सेनेका-२ या मॉडेलचं इंजिन टर्बोचार्ज्ड (पातळ हवा दाबून इंजिनाला पुरवणारं), एका इंजिनावरची सीलिंग १३ हजार फुटांच्या वर. दुपारी त्याला एवढी धाप लागत नाही. पण टर्बोची इंजिनं तापट, नवशिक्यांच्या हातात थ्रॉटल पटकन मागे ओढला गेला की सिलिंडरना तडे जायची भीती. इंधनही तासाला दहा-पंधरा लिटर जास्त. शिवाय सेनेकाच्या पुढच्या चाकाच्या यंत्रणेवर एडी (सुरक्षेसाठीचा बंधनकारक आदेश) आहे, त्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

फक्त ट्रेनिंगसाठी मी सेमिनोलच घ्यायला सांगेन. एक्झिक्युटिव्ह घेऊन कोल्हापूर-नागपूर करायचं असेल तर सेनेका. पण ते वेगळ्या परवान्याचं काम आहे, त्याबद्दल खाली.

सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालतात ना? मग साठा कमी लागेल.

काही चालतात. पण सेमिनोल आणि सेनेका दोघांचीही इंजिनं उलटसुलट फिरणारी आहेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. उड्डाणाच्या दृष्टीने ही फार चांगली सोय, स्टोअरकीपरच्या दृष्टीने डोकेदुखी. डावीकडे फिरणाऱ्या इंजिनाचा प्रॉपेलर, स्टार्टर वेगळा. जुन्या सेमिनोलमध्ये तर दोन मॅग्नेटो मिळून एकच जोडयुनिट येतं. ते बिघडलं की अर्धं बदलता येत नाही आणि मिळायलाही वेळ लागतो. भाग येईपर्यंत विमान जमिनीवर. विमान जे दिवस उभं राहतं, ते वर्षाच्या तासांतून आधीच वजा करून ठेवा. ट्रेनिंगच्या जुन्या ट्विनला वर्षातले ३६५ दिवस मिळत नाहीत, पावसाळा धरला तर निम्मे मिळाले तरी खूश व्हावं.

पावसाळ्यात दर कमी करावा का?

करू नये. जून ते सप्टेंबर ढग खाली, वारा आडवा. गिऱ्हाईक दरामुळे अडलेलं नसतं, हवामानामुळे अडलेलं असतं. सवलत दिलीत तरी तास वाढत नाहीत.

पण पावसाळ्यात विमान नुसतं झाकून ठेवू नका. लायकमिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा) इंजिनाच्या वरच्या बाजूला असतो. आठवडेच्या आठवडे इंजिन थंड राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून जातं आणि दमट हवेत गंज धरतो. जमिनीवर पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं हा उपाय नव्हे, त्याने आत आणखी ओलावा साठतो. उघडीप मिळेल तेव्हा वर काढून ऑइल नीट तापेपर्यंत उडवा, नाहीतर निर्मात्याने सांगितलेलं प्रिझर्व्हेशन करून घ्या. दोन्हीला पैसे लागतात आणि ते पहिल्या ढिगात जातात.

उलट एक खर्च आपल्याकडे वाचू शकतो. पायपरच्या (सेमिनोल-सेनेका बनवणारी कंपनी) जुन्या ट्विनमध्ये पेट्रोलवर चालणारा केबिन हीटर असतो, त्याच्याही तपासणीचा एडी आहे. बारामतीत हीटर लावायची वेळ किती जणांवर आली असेल! नियमाप्रमाणे तो निकामी करून ठेवता येतो का, हे तुमच्या कॅमोला विचारा.

माझ्या नावावर खासगी विमान आहे. मित्रांना तासावर देऊ का?

नको. खासगी वर्गातलं विमान भाडं घेऊन देता येत नाही. "पेट्रोलचे तेवढे दे" म्हटलं, की वाद तिथूनच सुरू होतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. रस्ते दोन: डीजीसीएची मान्यता असलेल्या फ्लाइंग स्कूलला विमान लीजवर द्यायचं, नाहीतर नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटरच्या (ठरावीक वेळापत्रकाविना भाड्याने विमान चालवणाऱ्याच्या) परवान्याखाली चालवायचं. जुनं पिस्टन ट्विन असेल तर पहिलाच रस्ता व्यवहार्य.

मग शाळेला लीजवर देताना मालकाने तासाचा दर कोणता धरायचा?

वरचा ४३,२०० हा पूर्ण खर्च झाला. लीजमध्ये इंधन, ऑइल, तपासण्या, हँगर, माणसं शाळेकडे आणि इंजिन, प्रॉपेलर, विमा, व्याज मालकाकडे अशी वाटणी केली, तर २५० तासांवर मालकाचा खर्च ११ हजारांच्या थोडा वर येतो. त्यावर तुमचा नफा.

पण करारात दरापेक्षा महत्त्वाचं वाक्य दुसरंच आहे: हमीचे तास. शाळेने विमान १२० तासच उडवलं, तर विमा आणि व्याज मिळूनच तासाला तेरा हजारांवर जातात आणि व्यवहार आतबट्ट्याचा होतो. म्हणून "वर्षाला किमान २०० तासांचे पैसे, उडवा अथवा न उडवा" असं लिहून घ्या. शाळा नाक मुरडेल. जी शाळा खरोखर विमान उडवणार आहे ती सही करते.

दुसरं भांडणाचं मूळ म्हणजे अवचित दुरुस्ती. हार्ड लँडिंगमुळे झालेलं नुकसान कुणाचं, विम्यातली आपल्या खिशातून जाणारी रक्कम कुणाची, हे आधीच लिहा. नंतर प्रत्येक लँडिंग एकाच्या मते मऊ आणि दुसऱ्याच्या मते कडक असतं.

बिल कोणत्या मीटरवर करायचं? हॉब्स, टॅको की चॉक टू चॉक?

कोणत्याही मीटरवर करा, पण दर त्याच मीटरच्या हिशेबाने काढलेला हवा. हॉब्स इंजिन चालू असेपर्यंत घड्याळाचा वेळ मोजतो. टॅको इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, टॅक्सी करताना हळू पळतो. चॉक टू चॉकमध्ये चॉक (चाकाला लावलेली अडण) काढल्यापासून घड्याळ सुरू होतं, ते विमान जागेवर येऊन उभं राहीपर्यंत. एकाच सॉर्टीत (उड्डाणात) चॉक टू चॉक १.४ आणि टॅको १.१ असं सहज येतं. विद्यार्थ्याच्या लॉगबुकात १.४ जातात आणि बिल १.१ चं झालं, तर तीन दशांश तास तुम्ही फुकट दिलेत.

उलटही होतं. एका मालकाने इंजिनाची गंगाजळी टॅकोच्या तासांवर काढली आणि बिल चॉकच्या तासांवर केलं. वर्षअखेरीला खात्यात जास्तीचे पैसे दिसले, तर गडी खूश. त्यातले बरेचसे टॅक्सीत जळलेल्या पेट्रोलचे होते.

इंधनाचा भाव सारखा बदलतो. दर दरवेळी बदलायचा का?

इंधनाचं कलम वेगळं ठेवा. "लिटरला २५० धरून दर, त्यावरचा फरक वेगळा." ७५ लिटर जळत असेल, तर लिटरमागे १० रुपयांचा फरक म्हणजे तासाला ७५० रुपये. सरळ त्रैराशिक.

एव्हगॅस १००एलएल पूर्वी आयातच करावं लागे. २०२२ पासून इंडियन ऑइल ते गुजरातमध्ये बनवू लागलं, त्यामुळे पुरवठ्याची घालमेल कमी झाली. तरी प्रत्येक विमानतळावर ते मिळत नाही, जेट ए-१ (जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन) मिळतं. क्रॉस कंट्रीला (दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या लांबच्या उड्डाणाला) पाठवताना परतीच्या इंधनाची सोय आधी करा आणि बॅरलने मागवायचं असेल तर त्या वाहतुकीचा खर्च त्या सॉर्टीच्या बिलात घाला, सरसकट दरात नको. डायमंड डीए४२ सारखी डिझेल ट्विन जेट ए-१ वर चालतात आणि निम्म्याच्या आसपास पितात. त्यांच्याशी इंधनाच्या खर्चात स्पर्धा करायला जाऊ नका.

आगाऊ पैसे भरणाऱ्याला सवलत द्यावी का?

दोन-चार टक्के द्यायला हरकत नाही. पण आगाऊ घेतलेले पैसे ही कमाई नव्हे, उडवून द्यायची देणेदारी आहे. पंधरा तासांचे पैसे आज घेऊन हँगरचं थकलेलं भाडं भरलं, की ते पंधरा तास पुढच्या माणसाच्या आगाऊ पैशातून उडवावे लागतात, आणि पुढचा माणूस आला नाही की शाळेला कुलूप. सेवांच्या बाबतीत, जीएसटी लागू असेल तर, आगाऊ रकमेवर त्याचं दायित्वही पैसे आले तेव्हाच उभं राहतं. सीएला विचारून मगच स्कीम छापा.

मुलीच्या सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) मल्टीचे पंधरा तास लागणार म्हणतात. सिंगल-इंजिनच्या दुप्पट-अडीचपट दर, लूट नाही का ही?

सीपीएलच्या २०० तासांतले बहुतेक तास एका इंजिनाच्या विमानावर होतात आणि साधारण पंधरा मल्टीवर. तुमची तक्रार समजते. पण वरचं गणित वाचलंत, तर दुप्पट दर का लागतो ते दिसेल: दोन इंजिनं, दोन प्रॉपेलर, दुप्पट पेट्रोल, आणि विकायला कमी तास.

खरं बघायचं असेल ते वेगळंच. शाळेला चार गोष्टी विचारा. दरात इंधन आणि इन्स्ट्रक्टर आहे का. बिल कोणत्या मीटरवर होतं. गेल्या महिन्यात ट्विन किती तास उडालं. आणि इंजिनांचे किती तास शिल्लक आहेत. "सर, ते आमचं अंतर्गत आहे" असं उत्तर आलं, तर पूर्ण पैसे आगाऊ भरू नका, टप्प्याटप्प्याने भरा. जी शाळा दोन हजार रुपये महाग आहे पण जिचं विमान रोज सकाळी उडतंय, तिथे मुलगी तीन आठवड्यांत मोकळी होते. स्वस्त शाळेत भाग येईपर्यंत चार महिने वसतिगृहाचं भाडं भरणारे पालक कमी नाहीत.

लोहगाववरून का नाही चालवत? बारामतीला जाण्यातच दिवस जातो.

लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे नागरी वाहतुकीलाच जागा आणि वेळ मोजून मिळतात. हडपसरचं मैदान ग्लायडरचं. सर्किट (उडून पुन्हा उतरण्याच्या सरावाच्या फेऱ्या) मारत बसायला बारामतीच बरी.

सगळं करून दर परवडत नाही असंच निघालं तर?

आधी तास वाढतात का बघा: दुसऱ्या शाळेशी भागीदारी, तिच्याही विद्यार्थ्यांचे मल्टीचे तास तुमच्या विमानावर. दीडशेच्या खाली वर्षानुवर्षं राहत असेल, तर इंजिनांवर पाच-सहाशे तास शिल्लक असतानाच विकायला काढा. ते संपल्यावर गिऱ्हाईक विमानाची नाही, भंगाराची किंमत सांगतं.